राजाराणीची गोष्ट मोठ्या माणसांना कशी सुचवावी?

नाशिकच्या एका वाचक भगिनींच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा आहे. त्यांचे वय 42 असून त्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतात. गंगापूर रस्त्यावरच्या एका घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अकरा जणांचे वाचक मंडळ भरते. प्रत्येक वेळी एक सभासद पुस्तक सुचवतो, महिनाभर सगळे ते वाचतात आणि पुढच्या बैठकीत त्यावर बोलणे होते. आता पाळी त्यांची आहे. गेल्या वर्षी वडील रुग्णालयात असताना रात्रीच्या जागरणात त्यांनी रॉबिन हॉब यांची ‘असॅसिन्स ॲप्रेंटिस’ ही इंग्रजी कादंबरी वाचली. मध्ययुगीन युरोपची आठवण करून देणाऱ्या, पण पूर्णपणे काल्पनिक राज्यातल्या दरबारी कारस्थानांची ही कथा त्यांच्या मनात घर करून राहिली आहे. ती सुचवावी अशी त्यांची फार इच्छा आहे, पण धीर होत नाही. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ सभासद हे त्यांचे शाळेतले मराठीचे शिक्षक आहेत. मागे एकाने विज्ञानकथा सुचवली तेव्हा ते म्हणाले होते, “आपला इतिहास वाचून संपला का?” दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, “या वयात राजाराणीच्या गोष्टी कशाला?” त्या सभासदाने पुन्हा कधी पुस्तक सुचवले नाही. पत्रात शेवटी विचारले आहे: “पेशवाईवरची एखादी कादंबरी सुचवून मोकळी होऊ, की मनातले पुस्तक सुचवू? आणि सुचवायचे तर कसे, म्हणजे माझे आणि पुस्तकाचे हसे होणार नाही?”

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. साडेतीन पानांच्या पत्रात कादंबरीविषयी जेमतेम पाच ओळी आहेत आणि उरलेले सगळे पत्र मंडळात कोण काय म्हणेल याविषयी आहे. त्या पाच ओळींतली एक ओळ मात्र मी बाजूला काढून ठेवली आहे. तुम्ही लिहिले आहे, “त्या मुलाचा सगळ्यांना उपयोग होता, पण तो कुणाचाच नव्हता, हे वाचून मी रुग्णालयाच्या बाकावर रडले.” ज्या वाचकाने हे लिहिले, त्याने दुसरेच एखादे पुस्तक सुचवून मोकळे व्हावे असा सल्ला मी देणार नाही. तेवढे आधीच सांगून टाकतो. तरीही कसे सुचवावे हा तुमचा प्रश्न खरा आहे, आणि तुमच्या सरांची बाजूही एका वाक्यात निकालात काढण्यासारखी नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्राचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे. मंडळाला अद्भुत आवडत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. ते खरे आहे का, हे जरा तपासून पाहा. तुमच्या मंडळातल्या बहुतेकांनी ‘ययाति’ वाचलेली असणार. त्या कादंबरीत राजवाडा आहे, सवती आहेत, मत्सर आहे, आणि शापाने म्हातारा झालेला राजा आपल्या मुलाकडून तारुण्य मागून घेतो. हे शारीरिकदृष्ट्या शक्य आहे का, असे आजवर कुणी विचारलेले माझ्या ऐकण्यात नाही. तुमच्या गावच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ मराठीत ‘राजमुकुट’ म्हणून आणले. त्या मूळ नाटकात तर चेटकिणी भविष्य सांगतात आणि मारलेल्या माणसाचे भूत मेजवानीच्या आसनावर येऊन बसते. ते पाहताना प्रेक्षकाचे लक्ष भुताच्या शक्याशक्यतेकडे जात नाही. राज्याच्या लोभाने एका कर्त्या माणसाचे काय होते इकडे जाते. म्हणजे सर आणि काकू अद्भुताला अजिबात बिचकत नाहीत. बिचकत असतील तर अनोळखी अद्भुताला. शुक्राचार्यांचा शाप ओळखीचा आहे आणि तुमच्या कादंबरीतल्या परक्या राज्यातली मनाने मनाशी बोलण्याची विद्या ओळखीची नाही, एवढेच. अनोळखी माणसाची ओळख करून देता येते, तशी अनोळखी पुस्तकाचीही देता येते, आणि ते काम त्या शनिवारी तुमच्याकडे आहे.

काकूंच्या ‘राजाराणीच्या गोष्टी’ या शेऱ्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. या प्रकारात पुष्कळ सुमार लेखन झाले आहे. किल्ला, तलवार, भविष्यवाणी आणि जगाला वाचवणारा अनाथ मुलगा एवढे साहित्य एकत्र करून जाडजूड खंड रचलेले आहेत, आणि त्यातले काही वाचून मीही कंटाळून बाजूला ठेवले आहेत. भर म्हणून, इंग्रजीतल्या दरबारी कारस्थानांची कादंबरी म्हटले की आता बहुतेकांना दूरचित्रवाणीवरची ती गाजलेली मालिका आठवते. तिचे मूळ असलेल्या कादंबरीमालेचा पहिला खंड ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ 1996 साली आला आणि पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेल्या यादवीची छाया तिच्यावर आहे. ती ताकदीची कादंबरी आहे, पण पडद्यावरचा रक्तपात आणि शय्यादृश्ये ऐकून माहीत असलेल्या ज्येष्ठांच्या मनात तुम्ही ‘दरबारी फॅन्टसी’ म्हणताच तेच चित्र उभे राहील. तेव्हा तुमचे पुस्तक त्याहून वेगळे कसे आहे, हे पहिल्या दोन मिनिटांत स्पष्ट करणे तुमच्याच हिताचे आहे.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा अडसर तोच आहे. “आपला इतिहास वाचून संपला का?” या प्रश्नाला “नाही, संपला नाही” हेच प्रामाणिक उत्तर आहे. तो संपणारही नाही. पण ऐतिहासिक कादंबरी जे देऊ शकत नाही असे काही काल्पनिक दरबाराची कादंबरी देते का, असे आपण स्वतःला विचारले तर वाद टळतो आणि विचार सुरू होतो. माझे उत्तर असे आहे की देते, आणि ते समजून घ्यायला तुम्हाला नाशिकबाहेर जायची गरज नाही.

तुमचे मंडळ जिथे भरते, तिथून गंगापूर रस्त्यानेच पुढे गेले की आनंदवल्ली लागते. हे नाव आनंदीबाईंवरून पडले. राघोबादादांचा तिथे वाडा होता, आणि नवश्या गणपतीचे देवस्थानही लोक त्यांच्याच काळाशी जोडतात. नाशिक जिल्ह्यातल्याच धोडपच्या किल्ल्यापाशी 1768 साली थोरल्या माधवरावांनी आपल्या या चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. पुढे 30 ऑगस्ट 1773 रोजी त्याच शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले, रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, बारभाईंनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला, आणि 1774 मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालू लागले. एवढे मोठे दरबारी नाट्य जगाच्या कोणत्याही दरबारात शोधून सापडणे अवघड आहे. पण ते कादंबरीत वाचताना आपली अवस्था काय असते? पहिल्या पानावर आनंदीबाई येताच आपण तिच्याकडे संशयाने पाहतो, कारण ‘ध’चा ‘मा’ आपण शाळेत जाण्याआधीच ऐकलेला असतो. ती अक्षरे तिने खरोखर बदलली का, हा वेगळाच प्रश्न. आपल्या मनातला निकाल कादंबरी उघडण्यापूर्वी लागलेला असतो. नारायणराव ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावणार हे ठाऊक असताना आदल्या रात्रीची मसलत आपण वाचतो. त्यात शोकाची एक वेगळी गोडी आहे, मी ती नाकारत नाही. मात्र कारस्थानाचा जो गाभा, म्हणजे समोरचा माणूस आपला आहे की फितलेला आहे हे अजिबात माहीत नसणे, तो अनुभव आपल्याला मिळत नाही.

प्रत्यक्ष त्या वाड्यात वावरणाऱ्या कारकुनाला, हुजऱ्याला, फडावरच्या माणसाला हे काहीच ठाऊक नव्हते. कुणाच्या दिवाणखान्यात किती वेळ बसावे, कुणाचा विडा घ्यावा, उद्या गादीवर कोण असेल, याचा अंदाज करत त्याला रोजचा दिवस काढावा लागत होता. काल्पनिक दरबाराची चांगली कादंबरी वाचकाला नेमके त्या हुजऱ्याच्या जागी नेऊन उभे करते. तिथे आपल्याला कोणाचा वारसा सांभाळायचा नसतो, कोणाचा अपमान झाला म्हणून राग यायचा नसतो, कोणते घराणे आपले आणि कोणते परके हे ठरलेले नसते. केवळ वागण्यावरून, बोलण्यातल्या एखाद्या अडखळण्यावरून माणूस ओळखावा लागतो. अशी कादंबरी वाचून झाल्यावर पेशवाईवरची कादंबरी पुन्हा हातात घेतली, तर आनंदीबाईंकडेही क्षणभर पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहता येते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. सरांना हे सांगून पाहा. इतिहासाच्या वाचनाला हे पुस्तक पूरक आहे, असे त्यांना पटण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुम्ही निवडलेल्या कादंबरीविषयी. ती या कामासाठी योग्य आहे का, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम तपासून पाहिले, कारण स्वतःला आवडलेले पुस्तक आणि मंडळाला सुचवण्याजोगे पुस्तक नेहमी एकच असते असे नाही. माझ्या मते ही निवड चांगली आहे. 1995 साली आलेली ही कादंबरी तीन भागांच्या मालिकेतला पहिला भाग आहे. पुढचे दोन भाग 1996 आणि 1997 साली आले. युवराजाचा अनौरस मुलगा, वय सहा वर्षे, त्याचा आईकडचा आजोबा एके दिवशी सैनिकांच्या दारात आणून सोडून जातो. आपल्याकडे जुन्या भाषेत अशा मुलाला ‘लेकावळा’ म्हणत. त्याच्या नुसत्या असण्याने युवराज गादीवरचा हक्क सोडून दूर निघून जातो, आणि मुलगा तबेल्याच्या प्रमुखाकडे घोड्याकुत्र्यांत वाढू लागतो. त्याला धड नावसुद्धा नाही. ‘फिट्झ’ ही त्याच्या अनौरसपणाची खूण आहे.

एका सकाळी मेजवानीच्या उष्ट्यापाष्ट्यात खाऊ शोधणाऱ्या या पोराला म्हातारा राजा पाहतो आणि सौदा करतो: तुला अन्न, वस्त्र, शिक्षण मी देईन, त्याच्या बदल्यात तू माझा माणूस व्हायचेस; आणि कुणी तुला याहून जास्त देऊ केले, तर आधी माझ्याकडे येऊन सांगायचे. मग तो लाल खड्याची चांदीची पिन मुलाच्या सदऱ्याला लावतो. राजाने इथे दया दाखवली, की एक हत्यार घडवायला घेतले? पुढची सगळी कादंबरी या एका प्रसंगातून उलगडते. याच मुलाला नंतर भिंतीआडच्या गुप्त जिन्याने रात्री बोलावून मारेकऱ्याचे शिक्षण दिले जाते, आणि शिकवणारा गुरू एकदा त्याला राजाच्याच दालनातून एक वस्तू चोरून आणायला सांगतो. मुलगा नाही म्हणतो. पुढचे मी लिहीत नाही आणि तुम्हीही मंडळात सांगू नका.

या प्रसंगांमुळेच मला वाटते की तुमच्या सरांशी बोलण्याचा पूल ‘मुद्राराक्षस’ आहे. विशाखदत्ताच्या त्या नाटकात विषकन्या आहे, शत्रूच्या हाती पडलेली मुद्रा आहे, बनावट पत्र आहे, वेषांतर केलेले हेर आहेत. कारस्थानाच्या बाबतीत ते कुणाला हार जाणार नाही. पण चाणक्याची एवढी सगळी खटपट कशासाठी चालली आहे? राक्षस या शत्रुपक्षाच्या अमात्याला आपल्या बाजूला आणण्यासाठी, कारण तो आपल्या धन्याशी एकनिष्ठ आहे. ज्या निष्ठेमुळे तो शत्रू म्हणून भयंकर ठरतो, तीच निष्ठा चाणक्याला चंद्रगुप्तासाठी हवी आहे. आणि शेवटी राक्षस हरतो तो मित्राला, चंदनदासाला, वधस्तंभावरून सोडवण्यासाठी. निष्ठा मागून मिळते का, ती घडवता येते का, आणि एखाद्याच्या चांगुलपणाचा असा वापर करून घेणाऱ्याला आपण शहाणा म्हणावे की क्रूर, हे प्रश्न त्या नाटकात आहेत आणि तुमच्या कादंबरीतही आहेत. एकीकडे प्रौढ अमात्य आहे, दुसरीकडे सहा-सात वर्षांचे पोर आहे. मंडळात दोन्ही शेजारी ठेवून बोललात, तर मला वाटते ती बैठक नेहमीपेक्षा लांबेल.

कादंबरी सांगण्याची रीतही मराठी वाचकाला जवळची वाटेल. मोठा झालेला फिट्झ आपल्या राज्याचा इतिहास लिहायला बसला आहे आणि लिहिता लिहिता पुन्हा पुन्हा स्वतःच्या आठवणीत शिरतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी राज्याच्या रिवाजांविषयी, घराण्यांविषयी, आख्यायिकांविषयी एक छोटा मजकूर येतो. दरबार आतून पाहिलेल्या माणसाने मागाहून लिहिलेली बखर वाचावी तसे ते वाटते. राजघराण्यातली नावेही गुणवाचक आहेत. राजा श्रूड, म्हणजे चतुर. मुलगे शिव्हलरी, व्हेरिटी आणि रीगल, म्हणजे शौर्य, सत्य आणि राजस. सून पेशन्स, म्हणजे धीर. नाव ठेवले की तो गुण अंगी उतरतो अशी त्या राज्यातली समजूत. ‘सत्यवान’, ‘धर्मराज’, ‘क्षमा’ अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही, आणि कोण नावाला जागतो व कोण नाही हे पाहत जाणे हा वाचनातला एक आनंदच आहे.

दोन-तीन अडचणी तुम्ही आधीच मोकळेपणाने सांगून टाकाव्यात. पुस्तक जाड आहे आणि सुरुवातीला सावकाश चालते. तबेला, कुत्री, गाव, बालपण यांत लेखिका बराच वेळ रमते. मुलाच्या वाट्याला आलेली उपेक्षा वाचवत नाही, आणि ज्यांचा जनावरांवर जीव आहे त्यांना एक-दोन प्रसंग जड जातील. मालिकेतला पहिला भाग असल्याने काही धागे पुढे जातात, तरी या भागाची गोष्ट या भागात एका टप्प्यावर येऊन थांबते. मंडळाने फक्त पहिला भाग घ्यावा, पुढचे ज्याने त्याने ठरवावे, आणि एका महिन्याऐवजी दोन महिने द्यावेत, अशी विनंती तुम्ही आरंभीच करा.

एकच खंड हवा, मालिका नको, असा आग्रह निघाला तर 2014 साली आलेली कॅथरीन ॲडिसन यांची ‘द गॉब्लिन एम्परर’ हा एक पर्याय मनात असू द्या. सम्राट आणि त्याचे थोरले मुलगे अपघातात जातात आणि दूर अडगळीत वाढलेला, कुणाला नकोसा असलेला अठरा वर्षांचा धाकटा मुलगा एकाएकी गादीवर येतो. त्या दरबारात आदराची आणि जवळिकीची संबोधने वेगवेगळी आहेत, आणि कोण कोणाला केव्हा जवळिकीने हाक मारतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतले अंतर रोज सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला त्यातली नजाकत चटकन कळते. त्यातली नावे मात्र फार अवघड आहेत. शिवाय त्या जगात हवाई जहाजेही आहेत, त्यामुळे तिला काटेकोरपणे मध्ययुगीन वळणाची म्हणता येणार नाही. माझा कौल तुमच्या निवडीलाच आहे.

आता एक नाजूक गोष्ट. सरांचा विरोध इतिहासाच्या प्रेमापोटी आहे, असे तुम्ही लिहिता. तसा तो असेलही. पण मागची विज्ञानकथा इंग्रजीत होती, असेही तुम्ही ओघात लिहून गेला आहात. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, मंडळात ज्यांचा शब्द शेवटचा मानला जातो अशा वयोवृद्ध माणसाला चारशे पानांची इंग्रजी कादंबरी महिन्याभरात वाचणे दमवणारे वाटत असेल, आणि ते चारचौघांत बोलून दाखवणे त्याहून अवघड वाटत असेल, ही शक्यता तुम्ही विचारात घेतली आहे का? मला खात्रीने सांगता येणार नाही, मी त्यांना ओळखत नाही. परंतु तसे असेल तर अद्भुतरसाच्या बाजूने तुम्ही कितीही युक्तिवाद केलात तरी तो त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, कारण त्यांचा प्रश्न तो नाहीच. अशा वेळी त्यांना काय वाचता येईल हे आपणच सन्मानाने पुढे ठेवावे. ‘मुद्राराक्षसा’चा मराठी अनुवाद त्यांनी वाचावा आणि बैठकीत त्या बाजूने बोलावे, कादंबरीची बाजू तुम्ही मांडावी, अशी विनंती करून पाहा. ही सोय केवळ त्यांच्यासाठी केली असे न दिसता चर्चेची ती गरजच आहे असे दिसेल, आणि खरोखर ती गरज आहेही.

प्रत्यक्ष सुचवण्याच्या दिवशी काय करावे, याविषयी माझ्या एका चुकीतून शिकलेले सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका मंडळात मी एक काल्पनिक राज्याची कादंबरी सुचवली होती. कुणी काही म्हणण्याआधीच मी तिचा बचाव सुरू केला. ही मुलांची गोष्ट नाही, हिला अमुक पुरस्कार आहे, तमुक समीक्षकांनी वाखाणली आहे, असे वीस मिनिटे बोललो आणि घाबरून निम्मे कथानकही सांगून टाकले. पुस्तक कुणी वाचले नाही. त्यांना वाचायला काही शिल्लकच ठेवले नव्हते, आणि ते पुस्तक मला का आवडले हे मी एकदाही सांगितले नव्हते. म्हणून तुम्ही ‘ही फॅन्टसी आहे, पण’ असे वाक्य सुरूच करू नका. रुग्णालयाच्या बाकापासून सुरुवात करा. वडिलांविषयी जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच सांगा, पण ती ओळ सांगा. त्यानंतर पिनेच्या प्रसंगाची दोन पाने वाचून दाखवा. इंग्रजीतून वाचू नका. आदल्या आठवड्यात बसून तेवढा भाग स्वतःच्या मराठीत उतरवून घ्या आणि तो वाचा. तुम्ही लिहिले आहे की लहानपणी तुमचे वडील रात्री ऐतिहासिक कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत. कसे वाचावे हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

नावांसाठी एक पानभर वंशावळ हाताने काढून तिच्या प्रती सगळ्यांना द्या. राजा, तीन मुलगे, सून, तबेल्याचा प्रमुख बरिच, गुरू चेड, एवढी सात-आठ नावे आणि त्यांचे अर्थ पुरेत. पेशव्यांची वंशावळ समोर नसेल तर आपलाही बाळाजी आणि बाजीराव यांत गोंधळ होतोच, तेव्हा यात कमीपणा काही नाही. पुस्तकाच्या प्रती मिळवण्याची व्यवस्था आधी करून ठेवा. 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय तुमच्या गावात आहे, तिथे आणि इतर ग्रंथालयांत चौकशी करा; दोघातिघांत मिळून एक प्रत विकत घ्या आणि ग्रंथपेटीसारखी फिरवा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मुळे ही पद्धत नाशिककरांच्या चांगली अंगवळणी पडली आहे. कुणी मोबाइलवर फुकट फाइल पाठवायला सुचवले तर नम्रपणे नाही म्हणा. हयात लेखिकेचे पुस्तक आहे.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही सांगावेसे वाटते की मंडळ हाच पुस्तकाचा एकमेव दरवाजा नसतो. अकरापैकी तिघांनी शंभर पाने वाचून सोडून दिले, दोघांनी उघडलेच नाही, तरी ते अपयश मानू नका. पुस्तक आवडले नाही असे कुणी म्हणाले तर लगेच समजूत घालू नका. कुठे सोडले आणि का, हे विचारा. त्या उत्तरांतून चर्चा अधिक चांगली होते. आणि मंडळाने बहुमताने नकोच म्हटले, तर मागे ज्यांनी विज्ञानकथा सुचवली होती त्यांच्या हाती तुमची प्रत द्या. ते गृहस्थ त्या दिवसापासून गप्प आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. तुमचे पुस्तक वाचायला ते नाही म्हणणार नाहीत. आणखी एक, वडिलांच्या आजारपणातल्या त्या रात्री आणि हे पुस्तक तुमच्या मनात एकमेकांत गुंतलेले आहेत. काकूंनी पुस्तकाला नाक मुरडले तर त्यांना त्या रात्री माहीत नाहीत, इतकेच समजा. मनाला फार लावून घेऊ नका.

ताजा कलममध्ये तुम्ही विचारले आहे की बैठकीपूर्वी सरांशी बोलावे का, की ते वशिला लावल्यासारखे होईल. अवश्य बोला, आणि फोनवर नको, घरी जा. जाताना कादंबरी, तुम्ही काढलेली वंशावळ आणि ‘मुद्राराक्षसा’चा अनुवाद असे तिन्ही बरोबर न्या. त्यांनी तुम्हाला मराठी शिकवले आहे. पिनेच्या प्रसंगाचा तुम्ही केलेला मराठी मजकूर त्यांच्यापुढे ठेवा आणि भाषा तपासून द्या, अशी विनंती करा. लाल पेन त्यांच्या खिशात अजूनही असेल.